स्मार्टफोन-अतिवापर, किशोरवयीनांतील

सामान्यतः तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींच्या हातून स्मार्टफोनचा होणारा असा वापर, की ज्यावर त्यांचा स्वतःचा ताबा राहत नाही आणि ज्यामुळे झोप, अभ्यास, शारीरिक हालचाल व घरातील माणसांशी असलेले संबंध यांची हानी होऊ लागते, त्यास स्मार्टफोनचा अतिवापर असे म्हणतात. या संज्ञेतील ‘अति’ हा शब्द केवळ तासांचा निदर्शक नाही. दिवसातून तीन तास फोनच्या साहाय्याने चित्रकला शिकणारी मुलगी आणि दीडच तास, पण मध्यरात्रीनंतर, पांघरुणाखाली फोन पाहणारा मुलगा यांची तुलना केल्यास व्याख्येत बसतो तो दुसरा. बोलभाषेत ‘मोबाईलचे व्यसन’ असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. तथापि शास्त्रीय दृष्ट्या तो वादग्रस्त आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या विकार-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत आंतरजालावरील खेळांच्या विकाराचा उल्लेख ‘अधिक अभ्यासाची गरज असलेली स्थिती’ म्हणून करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘क्रीडन-विकार’ (म्हणजे संगणकीय खेळांच्या आहारी जाणे) समाविष्ट झाला. मात्र त्यासाठीही खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे, हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे आणि हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकणे, अशा कसोट्या घातल्या आहेत. ‘स्मार्टफोनचे व्यसन’ असा स्वतंत्र विकार या दोहोंपैकी एकाही वर्गीकरणात नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये या प्रश्नासाठी एक मापनश्रेणी तयार केली व तिचा वापर पुढे अनेक देशांत झाला. परंतु अशा श्रेणीवर जास्त गुण मिळणे म्हणजे रोगनिदान नव्हे, हे पालकांनी व वृत्तपत्रांनीही ध्यानात घेणे जरूर आहे.

स्पर्शपटल असलेला आयफोन २००७ साली व अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. भारतात मात्र हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो सप्टेंबर २०१६ नंतर. त्या महिन्यात सुरू झालेल्या एका नव्या दूरसंचार सेवेने दरयुद्ध छेडले आणि आंतरजाल-जोडणी अत्यल्प दरात मिळू लागली. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. तोवर ‘फोन ठेव आणि अभ्यास कर’ असे सांगणाऱ्या घरांना ‘फोन घे आणि अभ्यास कर’ असे सांगणे भाग पडले. शाळा पुन्हा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातीच राहिला. ग्रामीण भारतातील शिक्षणस्थितीच्या ‘असर’ या वार्षिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या सु. ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता व ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्याससंबंधी कामासाठी त्याचा उपयोग करणारी मुले सु. ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी करणारी सु. ७६ टक्के होती. हा केवळ शहरी, सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे, असे म्हणण्यास त्यामुळे आता आधार उरलेला नाही.

आकर्षणाची कारणे : किशोरावस्थेत मेंदूची वाढ सर्व भागांत सारख्या गतीने होत नाही. सुख, उत्तेजना व समवयस्कांची मान्यता यांना प्रतिसाद देणारी केंद्रे लवकर प्रगल्भ होतात. मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा पूर्वललाटीय भाग मात्र विशी उलटल्यावरही काही वर्षे घडत असतो. [→ किशोरावस्था]. मित्रमंडळींत आपले स्थान काय, हा या वयातला जीवनमरणाचा प्रश्न असतो. प्रौढांना तो क्षुल्लक वाटतो, कारण त्यांचा तो सुटलेला असतो किंवा निदान विसरलेला तरी असतो.

याच वयाच्या हाती असे साधन आले, की ज्याची रचनाच लक्ष धरून ठेवण्यासाठी केलेली आहे. बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरे व उंदीर यांवरील प्रयोगांतून असे दाखविले होते, की बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अनियमितपणे मिळाले, तर प्राणी ते मिळविण्याची कृती अधिक चिकाटीने करीत राहतो आणि बक्षीस थांबल्यावरही ती सहजी सोडत नाही. [→ प्रबलन]. जुगाराच्या यंत्रामागील तत्त्व हेच. फोन उघडताना नवे काही असेल किंवा नसेलही. या अनिश्चिततेमुळे हात पुनःपुन्हा त्याच्याकडे जातो. २००६ मध्ये कल्पिलेल्या ‘अखंड सरकत्या पानाच्या’ रचनेने वाचनाचा स्वाभाविक शेवटच काढून टाकला. पुस्तकाचे प्रकरण संपते, नभोवाणीवरील कार्यक्रम संपतो. हे पान संपत नाही. फेसबुकने २००९ मध्ये आणलेल्या ‘पसंती’च्या कळीने मित्रांची मान्यता आकड्यांत मोजता येऊ लागली, आणि जे मोजता येते त्याची तुलनाही होऊ लागते. वापरकर्त्याचे लक्ष जाहिरातदारांना विकणे, हा या सेवांचा मुख्य व्यवसाय आहे. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तुझी इच्छाशक्ती दुबळी आहे’ असे ऐकविणे अर्धसत्य ठरते. त्याच्या इच्छाशक्तीसमोर नेमके कोण उभे आहे, हेही सांगावयास हवे.

भावनिक स्वास्थ्यावरील परिणाम : अतिवापराच्या दुष्परिणामांपैकी सर्वांत सुस्पष्ट दुष्परिणाम झोपेवर होतो. तेरा ते अठरा वर्षे वयात रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक मानली जाते. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. झोप आणणारे मेलॅटोनीन हे संप्रेरक लहान मुलांच्या मानाने रात्री उशिरा स्रवू लागते. त्यात पडद्याच्या प्रकाशाची भर पडते. परंतु प्रकाशापेक्षाही मनाची उत्तेजित अवस्था आणि ‘आता उत्तर येईल’ ही वाट पाहणे अधिक बाधक ठरत असावे. सकाळच्या सत्रात भरणारी शाळा गाठावयाची असल्यास ही तूट रोज साठत जाते. चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, उदासी यांसारखी जी लक्षणे घरचे लोक थेट फोनच्या माथी मारतात, त्यांपैकी कितीतरी वास्तविक अपुऱ्या झोपेची असतात.

झोपेपलीकडे गेल्यावर मात्र संशोधकांत एकमत नाही. जीन ट्वेंगी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने २०१७ च्या आपल्या ग्रंथात आणि जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की २०१२ च्या सुमारास अमेरिकन किशोरवयीनांत, विशेषतः मुलींत, नैराश्य व चिंता यांत झालेल्या वाढीस स्मार्टफोन व समाजमाध्यमे हीच प्रामुख्याने कारणीभूत आहेत. उलट, एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ब्रिटनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण करून असा निष्कर्ष काढला, की त्यांच्या मानसिक स्वास्थ्यातील तफावतीपैकी फार तर ०·४ टक्का तफावतीचे स्पष्टीकरण अंकीय साधनांच्या वापरावरून देता येते. त्याच माहितीत नियमित बटाटे खाणे व स्वास्थ्य यांमधील सहसंबंधही जवळजवळ तितकाच प्रतिकूल आढळला, हे त्यांनी मुद्दाम दाखवून दिले. या आकड्याचा अर्थ फोन निरुपद्रवी आहे, असा मात्र होत नाही. ही सर्वांची मिळून काढलेली सरासरी आहे. ज्यांना फोनमुळे काहीच होत नाही, ज्यांना त्याचा आधार वाटतो आणि ज्यांची त्यामुळे दैना होते, अशी सर्व मुले तीत एकत्र मोजली जातात. शिवाय सहसंबंधावरून कार्यकारणभावाची दिशा ठरत नाही. फोनमुळे मुलगा एकटा पडला, की एकटा पडलेला मुलगा फोनकडे वळला? बहुधा दोन्ही गोष्टी घडतात व एकमेकींस खतपाणी घालतात.

भारतापुरते पाहता आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षे वयोगटातील सु. ७·३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते. ही पाहणी प्रामुख्याने स्वस्त आंतरजालापूर्वीची आहे. परीक्षा, घरातील भांडणे, दारू, दारिद्र्य, शरीराविषयीची लाज ही दुःखे फोनने आणलेली नाहीत. काहींना त्याने अधिक धार आणली, हे मात्र खरे. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुक कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत, स्वतःच्या शरीराविषयी आधीच असमाधानी असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते असमाधान वाढल्याचे सांगितल्याची नोंद होती. शाळेत होणारी चेष्टा पूर्वी शाळा सुटल्यावर थांबे. आता ती घरी, अंथरुणापर्यंत येते.

कौटुंबिक जीवन : कुटुंबात नवे माध्यम येण्याचा हा पहिलाच प्रसंग नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यानंतरच्या काळात दूरचित्रवाणीविषयीही अशाच तक्रारी ऐकू येत. परंतु दूरचित्रवाणी संच घरात एकच असे आणि तो मधल्या खोलीत असे. काय पाहावयाचे यावरून भांडण झाले, तरी पाहणारे सर्वजण एकत्र बसत. शेजारचीही मुले येत. स्मार्टफोन हे व्यक्तिगत माध्यम आहे. एका खोलीत चौघे चार निरनिराळ्या जगांत असतात आणि दुसऱ्याच्या जगात काय चालले आहे, हे शेजारी बसून कळत नाही. आईवडिलांच्या अस्वस्थतेचे मूळ वाया जाणाऱ्या वेळाइतकेच या न कळण्यात आहे.

याच्याच जोडीला घरातील ज्ञानाचा क्रम उलटा झाला. शेती, स्वयंपाक, बाजारहाट या बाबतींत मूल मोठ्यांकडून शिकते. फोनच्या बाबतीत वडील मुलाकडून शिकतात. विजेचे बिल भरणे, रेल्वेचे तिकीट काढणे, पैसे पाठविणे, गावी असलेल्या आजीला चित्रसंभाषणावर बोलावून आणणे ही कामे अनेक घरांत चौदा-पंधरा वर्षांचे मूल करते. ज्या साधनावर मुलाची हुकमत घर रोज मान्य करते, तेच साधन त्याच्या हातून हिसकावून घेण्याची वेळ आली म्हणजे संघर्ष तीव्र होतो. मुलाच्या दृष्टीने फोन काढून घेणे म्हणजे खेळणे काढून घेणे नसते; त्याच्या साऱ्या मित्रमंडळींतून त्याला एका क्षणात बाहेर काढणे असते. म्हणूनच काही वेळा आरडाओरड, मोडतोड, उपवास, घर सोडून जाणे येथवर मजल जाते. स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाल्यास ‘नाटक’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सर्वथा अयोग्य होय.

मोठ्यांच्या स्वतःच्या वर्तनाकडे या चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ च्या सुमारास एक प्रयोग केला. तान्ह्या मुलाशी हसतखेळत असलेल्या आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवावयाचा. मूल प्रथम तिला हसविण्याचा प्रयत्न करी, हातवारे करी, मग रडे आणि शेवटी तोंड फिरवी. फोनमध्ये डोके घातलेल्या माणसाचा चेहरा असाच निर्विकार असतो. समोरच्या माणसाला टाळून फोन पाहण्याच्या सवयीसाठी ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये इंग्रजीत नवा शब्दच घडविण्यात आला. ‘दिवसभर फोनमध्येच असतोस’ असे मुलाला सांगणारी व्यक्ती ते वाक्य पुष्कळदा फोनवरून नजर न उचलता उच्चारते, हे मुले बरोबर हेरतात. जेवताना त्रास देऊ नये म्हणून दोन वर्षांच्या मुलापुढे फोन ठेवावयाचा आणि चौदाव्या वर्षी तो सुटत नाही म्हणून रागवावयाचे, ही विसंगतीही आता काही अपवादात्मक राहिलेली नाही.

मुलगे व मुली यांच्या अनुभवांत मोठा फरक आहे. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटात, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सु. ४४ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. मुलींत हे प्रमाण सु. २० टक्केच होते. मुलीच्या फोनवरील बंदीमागे तिच्या झोपेची वा अभ्यासाची काळजी कितपत आणि ती कोणाशी बोलते यावरील पहारा कितपत, हे प्रत्येक घरात पारखून पाहावे लागेल. अतिवापराविषयीच्या चिंतेआडून जुनीच बंधने परत येतात. छळ होत असलेल्या मुलीने तो घरी न सांगण्याचे एक कारण हेच असते, की सांगितले तर फोन जाईल आणि कदाचित शिक्षणही थांबेल. दुसरीकडे मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी हंगामभर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची जी मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्यासाठी आईचा आवाज ऐकविणारे साधन फोन हेच आहे. या मुलांच्या बाबतीत ‘फोनमुळे कुटुंब तुटते’ हे विधान जसेच्या तसे लागू पडत नाही.

सामूहिक व शासकीय उपाय : सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) या सु. तीन हजार वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ पासून केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. रोज सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजे व साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व फोन बंद ठेवले जात. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचावे किंवा बोलत बसावे, अशी योजना होती. प्रारंभी काही पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. आधी गावातील स्त्रियांची बैठक घेऊन त्यांची संमती मिळविण्यात आली, नंतर आशा व अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन ती समजावून दिली. या प्रयोगाचे बळ दोन गोष्टींत दिसते : बंधन मुलांप्रमाणे मोठ्यांवरही होते, आणि सर्व मित्र एकाच वेळी फोनपासून दूर असल्याने कोणासही मागे पडल्याची भावना होत नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी (ता. पुसद) ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या फोनवापरावर बंदी घालणारा ठराव केला व दंडाची तरतूद ठेवली. पहिल्या प्रयोगातील सहभाग या ठरावात नाही. बंदी फक्त मुलांना, दंडाचा धाक मात्र सबंध घराला.

अन्य देशांत कायद्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. फ्रान्सने २०१८ मध्ये प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत फोनवापरास बंदी केली. जपानमधील कागावा प्रांताने २०२० मध्ये मुलांनी शाळेच्या दिवशी एक तास व सुटीच्या दिवशी दीड तासच खेळावे, असा दंडविरहित नियम केला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांचा आंतरजालीय खेळ शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्या या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढ्यापुरताच मर्यादित केला. दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर असे खेळ बंद करणारा २०११ चा कायदा दहा वर्षांनी मागे घेतला. तोवर खेळ संगणकावरून फोनवर गेले होते व कायदा संगणकापाशीच राहिला होता. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. जबाबदारी व दंड मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर आहे. भारताच्या २०२३ च्या अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांस मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. ज्या घरात पालकांच्या वतीने सर्व संमत्या मूलच देते, तेथे या तरतुदीचा उपयोग किती होईल, हे पाहावे लागेल.

उपचार : बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या निरोगी वापरासाठी देशातील या प्रकारची पहिली चिकित्सा-सेवा सुरू केली. उपचारात फोन पूर्णतः बंद करण्यावर सहसा भर नसतो. मद्याप्रमाणे तो आयुष्यातून वजा करणे आज शक्यही नाही. वापराची नोंद मुलाने स्वतः ठेवणे, कोणत्या भावनेनंतर हात फोनकडे जातो हे ओळखणे, सूचनाध्वनी बंद करणे, रात्री सर्वांचे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर एका ठिकाणी ठेवणे, सुटलेला खेळ वा छंद पुन्हा सुरू करणे अशा क्रमाने बोधनात्मक-वर्तनीय उपचारपद्धती वापरली जाते व पालकांनाही त्यात सामील करून घेतले जाते. [→ मानसोपचार]. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडदा पूर्ण वर्ज्य, दोन ते पाच वर्षांपर्यंत देखरेखीखाली फार तर एक तास अशा मर्यादा आहेत. दहा ते अठरा वयोगटासाठी मात्र पडद्याचा वेळ व झोप, अभ्यास, मैदानी खेळ, कुटुंबीयांचा सहवास यांत समतोल राखण्यावर भर आहे. अतिवापरामागे नैराश्य, चिंताविकार किंवा अवधान-न्यूनता असल्याचे आढळल्यास आधी त्यावर उपचार करावे लागतात. अन्यथा फोन सुटला तरी दुःख दुसरी वाट शोधते. शाळा सुटणे, दिवस-रात्रीचा क्रम उलटणे, आंघोळ-जेवण टाळणे, पूर्वीचे मित्र पूर्णपणे तुटणे किंवा आत्मघाताचे बोलणे ही तज्ज्ञांकडे त्वरित जाण्याची लक्षणे होत. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक मुलेही स्वतः लावू शकतात. त्यासाठी अर्थातच त्यांच्या हाती फोन असावा लागतो.